डाव्या कोपऱ्यातलं नाव

देवाची तसबीर विकत घेताना माणूस देवाचं तोंड बघतो, मुकुट बघतो, फार तर काच तडकलेली नाही ना एवढं बघतो. चित्राच्या तळाशी कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत काय लिहिलंय, ते कोणी बघत नाही. यज्ञेश्वर मेहेंदळ्यांचा सगळा जीव त्या मुंग्यांत होता.

मंडईच्या मागच्या बोळात त्यांचा शिळाछापखाना होता. स्वातंत्र्य येऊन दहा वर्षं झाली होती, बाकीचे छापखाने नवी यंत्रं आणत होते, पण मास्तरांनी दगड सोडला नव्हता. गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट कांडीने ते देव उलटा काढायचे, म्हणजे कागदावर तो सुलटा उमटायचा. काळ्या रेघा दगड द्यायचा, रंग मात्र आतल्या खोलीत बसून बायका हाताने भरायच्या. तरुणपणी मास्तर मुंबईला एका साहेबाच्या हाताखाली चित्रकला शिकले होते. साहेब गेला, त्याने शिकवलेले दोन लॅटिन शब्द मास्तरांकडे राहिले.

गिऱ्हाईक आलं की ते कोपऱ्यावर बोट ठेवायचे.

"डावीकडे हे इन्व. दिसतंय? इन्वेनिट. लॅटिन आहे. म्हणजे 'याने कल्पिले'. उजवीकडे डेल., म्हणजे 'याने रेखिले'. कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून दोघांना दोन कोपरे. युरोपात शेकडो वर्षं हा न्याय चालत आलाय. आपल्याकडे काय? देऊळ बांधणारा विसरायचा आणि पंखा देणाऱ्याचं नाव पात्यावर लिहायचं."

गिऱ्हाईक मान डोलवायचं. मास्तरांच्या चित्रांवर दोन्ही कोपऱ्यांत मास्तरांचंच नाव असायचं, हे विचारायचं कोणाला सुचत नसे.

एकदा आतल्या खोलीतून मुक्ताबाईने विचारलं, "आन् मास्तर, रंग भरनारीचं?"

"रंग भरणारीला लॅटिनमध्ये शब्द नाही, मुक्ता. मराठीत आहे. रोजंदारी."

बायका हसल्या. मुक्ताही हसली. मास्तरांचं बोलणं असं असायचं, लागलं तरी हसायचं.

मुक्ता धायरीची. धायरी तेव्हा पुण्याबाहेरचं गाव होतं. तिचे वडील सोनबा तिथल्या विठोबाच्या देवळात गुरव होते. काकड्यापासून शेजारतीपर्यंत देवाचं सगळं तेच करायचे. मुक्ताची आई ती तान्ही असतानाच गेली. पुढे लग्न झालं, दुसऱ्याच वर्षी नवऱ्याने हाकलून दिली, तशी ती बापाकडे परतली. सोनबाची खोली देवळाची, अंगणातली तुळस देवळाची. छापखान्यातला ब्रश मास्तरांचा. स्वतःचं म्हणावं असं तिच्यापाशी एक कीर्तन ऐकायचं वेड तेवढं होतं. काम सुटलं की पुण्यात जिथे कुठे बुवा उभे असतील तिथे ती बायकांच्या बाजूला खांबाला टेकून बसायची आणि शेवटच्या गाडीने गावी परतायची. गोपाळकृष्णबुवा तिचे फार लाडके. बुवांचा आवाज गोड, मन त्याहून मऊ. एकदा ते निरूपणात म्हणाले होते, की संतांनी अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफलं ते मिरवायला नाही, तर शब्दाची जबाबदारी घ्यायला. "ह्याचा धनी मी. चुकलं तर मला धरा." मुक्ताला ते इतकं पटलं, की आठवडाभर रंग भरताना ती तेच घोळवत होती.

त्या वर्षी हिंदुरावांनी कॅलेंडर छापायला दिलं. हिंदुराव धायरीचेच. गावात जमीन, मंडईत कांदाबटाट्याची आडत, आणि विठोबाच्या देवळाच्या पंचांत मुख्य.

"मास्तर, इठोबाच पाहिजे," ते म्हणाले, "पन न्हेमीचा नको. धा आडत्यांच्या भितीवर त्योच इठोबा हाय. माझा येगळा दिसू द्या."

मास्तरांनी कागद खराब करायला सुरुवात केली. चंद्रभागा काढली, खोडली. गरुड काढला, खोडला. देव एकच, उभा राहायची तऱ्हा एकच, वेगळं करायचं तरी काय? दगड घासून तयार होता आणि मास्तर त्याच्याकडे पाठ करून बसायला लागले.

मुक्ता तुळशीच्या माळेत हिरवा भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मास्तर, मागनं काढा की."

"काय?"

"देव मागनं काढा. पाठ काढायची, काळीभोर, मोठी. देवानं कमरंवर हात ठेवल्यात न्हवं? मग दोनी कोपरांत दोन खिडक्या व्हत्यात. त्या खिडक्यांतनं मानसं दिसत्यात. एकीतनं बाया, दुसरीतनं बापय. कोन रडतंय, कोन नुसतंच बगतंय, कुनाचा डोळा दुसऱ्याच्या चपलंवर. देवाला दिसतं त्ये समदं."

बोलता बोलता तिने कोळसा घेऊन फरशीवर काढूनच दाखवलं. हात कच्चा होता, पण दोन कोपरांतल्या त्या दोन खिडक्या बरोबर आल्या. मास्तर उठले, फरशीपाशी उकिडवे बसले, बराच वेळ बघत राहिले. मग दगडाकडे गेले.

त्यांचा हात मोठा होता, हे कबूल करायलाच हवं. पाठीचा तो सावळा विस्तार, त्यावर समईचा एका बाजूने आलेला उजेड, आणि कोपरांच्या आडून दिसणारे चेहरे. चेहऱ्यांसाठी त्यांनी मुक्तालाच विचारलं. कोण कसं बघतं, कोण हात कुठे जोडतं. ती सांगायची, ते काढायचे. त्या दिवसांत ते तिला एकदाही लागेल असं बोलले नाहीत. मुक्ताला वाटलं, जगात आपल्याला हवं ते आता होणार.

पहिला कागद दगडावरून उचलला तेव्हा तिने देवाकडे आधी नाही पाहिलं. डाव्या कोपऱ्यात पाहिलं. रोमन अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण इतकी वर्षं बघून 'इन्व.'चा आकार डोळ्यांत बसला होता, आणि त्यापुढे येणाऱ्या मास्तरांच्या नावाचाही. तोच होता.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्ये म्या सांगितलं हुतं."

"बरोबर. सांगितलंस."

"मग डाव्या कोपऱ्यात..."

"सांगणं म्हणजे कल्पिणं नव्हे. मंडईतली भाजीवालीसुद्धा ओरडून सांगते. 'मागनं काढा की.' किती शब्द झाले? त्याला मी लॅटिन लावू?" मास्तरांनी कागद वाळत घातला. "आणि समजा लिहिलं, 'इन्व. मुक्ता सोनबा गुरव'. तो रोमन थडग्यातून उठून यायचा, आपली भाषा परत मागायला."

आतल्या खोलीत पुन्हा हसू झालं. या वेळी मुक्ता हसली नाही. मास्तरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "तोंड नको पाडू. रंग चांगला भर. देवाची पाठ आहे, उठून दिसली पाहिजे."

तिने रंग चांगला भरला. दुसरं काय करणार होती?

मार्गशीर्षात एका देवळात बुवांचं कीर्तन होतं. मास्तरांनी त्यांना चित्र भेट पाठवलं होतं. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, आणि बुवांनी तोच हार गळ्यातून काढून हातात धरला.

"आज हा हार माझा नाही," ते म्हणाले, आणि चित्र उलगडून सभेला दाखवलं. "बघा. आपण जन्मभर देवाला बघतो. देव आपल्याला कसा बघतो, हे ज्याच्या मनात आलं, त्याच्या मनात देव किती जवळ उभा असेल! यज्ञेश्वरपंत, पुढे या."

मास्तर पुढे गेले. हार घालून घेतला. डोळे मिटून म्हणाले, "सुचलं, बुवा. सुचणं आपल्या हाती थोडंच असतं?"

सभा गलबलली. मुक्ताच्या शेजारची म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "केवढी बुद्धी ग बाई एकेकाची!" मुक्ता म्हणाली, "व्हय." पुढे गजर सुरू झाला तेव्हा तिने टाळ्याही वाजवल्या. लाडक्या बुवांचा ताल चुकवणं तिला जमलं नाही.

हिंदुरावांचं कॅलेंडर घरोघर लागलं. त्यांच्या स्वतःच्या घरी ते माजघरात लागलं, समोरच्या कॉटवर त्यांची बायको प्रेमला आजारी होती. आजार पोटातला, वाढत गेलेला. ती पडल्या पडल्या त्या चित्राला हात जोडायची. होळीच्या आधी ती गेली.

दुःखात असलेल्या माणसाला कोणीतरी काहीतरी बोलतंच. दिवसाला आलेल्या एका नातेवाइकाने भिंतीकडे बघून म्हटलं, "हिंदुराव, ह्ये काय लावलंयस? देवानं पाठ फिरवल्याली, आन् म्होरं बाई हात जोडून पडल्याली!"

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हिंदुराव कॅलेंडरची गुंडाळी मुठीत धरून छापखान्यात आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. दारातूनच ओरडले, "मास्तर, ह्यी अवदसा कुनाच्या डोक्यातनं आली?"

मास्तर खुर्चीतून उठले. "बसा, हिंदुराव. ऐकलं मी. फार वाईट झालं."

"बसाय न्हाई आलो. तीन म्हैनं ती हात जोडत हुती. त्यानं एकदा मागं वळून बगितलं न्हाई. असा देव काडायची अक्कल कुनाची? हितं नाव हाय न्हवं खाली? तुमीच सांगत असता सगळ्यांस्नी. ह्ये काय लिवलंय?"

त्यांचं बोट डाव्या कोपऱ्यावर होतं.

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. आणि अगदी शांतपणे म्हणाले, "इन्व. ते इन्व्हॉइस हो, हिंदुराव. तुमच्या आडतीत नाही का असत? माल कोणाच्या छापखान्याचा, तेवढंच."

आतल्या खोलीत मुक्ताचा ब्रश थांबला.

"मंग डोकं कुनाचं?"

"आता विचारताय म्हणून सांगतो." मास्तरांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "मुक्ता, ये ना बाहेर. तुझी तक्रार होती ना, नाव मिळालं नाही म्हणून? हे विचारताहेत, कल्पना कोणाची."

मुक्ता दारात आली. हाताला काळा रंग होता. हिंदुरावांचा राग तिला दिसत नव्हता असं नाही. पण तो प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ती किती दिवस थांबली होती! सगळ्या कीर्तनात कोणी विचारला नव्हता, आणि आता विचारणारा समोर उभा होता.

"माझी," ती म्हणाली.

हिंदुरावांनी तिला वरखाली न्याहाळलं. "तू? सोनबाची मुक्ती?" मग मास्तरांकडे वळून ओरडले, "पोरीच्या पदराआड काय लपताय, मास्तर? हिला काय सुचनार हाय? शेनाच्या गवऱ्या?"

"बघ बाई," मास्तर हळूच म्हणाले, "ते म्हणतात, तुला सुचणं शक्य नाही. मीही हेच म्हणत होतो. तुला कसं सुचलं, ते सांगितल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार? सांग तर खरं."

यज्ञेश्वर मास्तर गुरवाच्या घरचे नियम जाणत होते. ती काय सांगेल हे त्यांना पक्कं ठाऊक नसेल, पण अंदाज होता. आणि मुक्ताला? तिला फक्त एवढंच कळत होतं, की आज सिद्ध केलं नाही तर ते चित्र कायमचं दुसऱ्याचं होईल.

"सुचाय कशाला पायजे?" ती म्हणाली. "म्या बगितलंय. आई न्हवती, आबा एकटं. पूजंच्या वक्ताला मला कुटं ठेवनार? मूर्तीच्या मागं हातभर जागा हाय, तितं गोनपाट टाकून मला बसवायचं. म्या वाती वळायची आन् देवाच्या कोपरातनं बगायची. म्हनून तर चित्रात समदी खरी मानसं हायेत. ह्यो बगा ह्यो शिर्पा, एका डोळ्यानं बगनारा. आन् ह्या..." तिने डाव्या कोपराच्या खिडकीवर बोट ठेवलं. "ह्या वयनी. तुमच्या घरच्या. दुपारी देवळात कुनी नसलं की येऊन रडायच्या, मूल न्हवतं म्हनून. तोंडात पदर धरून, असं. म्या मागं हाय ह्ये त्यांस्नी कुटं म्हाईत? म्या बी मागं बसून रडायची."

हिंदुरावांनी कॅलेंडर उजेडाकडे धरलं. कोपराच्या आत, नखाएवढा, तोंडात पदर धरलेला चेहरा. त्यांनी तो ओळखला. त्यांनी त्यावरून हलकेच अंगठा फिरवला, आणि मुक्ताला वाटलं, संपलं, आता राग गेला. केवढं तरी मोठं काही द्यावं, तसा तिने तो चेहरा त्यांना दिला होता.

हिंदुरावांनी मान वर केली. आवाज एकदम खाली आला होता.

"कवापतोर बसत हुतीस तितं?"

"लगीन व्हईपतोर."

"म्हंजी शानी झाल्यावर बी."

मुक्ताने काळे हात पदराला पुसले.

"सोनबानं शानी झाल्याली पोर देवाच्या पाठीला बसवली," हिंदुराव एकेक शब्द मोजून टाकत म्हणाले, "आन् तितं माझी बायको नवस बोलत हुती. तिला मूल न्हाई झालं. आज कळलं, का न्हाई झालं."

ते गेले. मास्तर हात धुवायला मोरीकडे वळले. जाता जाता म्हणाले, "पाहिलंस? जबाबदारी असते कल्पनेची. म्हणून आम्ही सांभाळून नाव घालतो."

सोनबाला गाभारा बंद झाला. पंचांनी देवाला दह्यादुधाने न्हाऊ घातलं, गोमूत्र शिंपडलं, आणि पलीकडच्या गावचा एक पोरसवदा गुरव आणून बसवला. मंत्र त्याला निम्मे यायचे. खोली सोडायला सोनबाला दसऱ्यापर्यंत मुदत दिली. सोनबा पहाटे उठून अंघोळ करायचा, ओल्या पंच्याने देवळाच्या कट्ट्यावर बसायचा आणि आतल्या घंटेकडे कान लावायचा. घंटा उशिरा वाजली की त्याचा हात आपोआप वर जायचा. पोरीने दिलेलं जेवण तो खायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही.

एकदाच म्हणाला, "कशापायी सांगितलंस?"

"आबा, चित्र माझं हुतं. नाव..."

"कुटल्या नावापायी? तुला कोन वळखतंय?"

मुक्ताने छापखाना सोडला होता. मास्तरांनी निरोप पाठवला, की रंगाचा हात चांगला आहे, राग धरू नये, परत यावं.

गोकुळाष्टमीच्या सप्ताहाला धायरीत गोपाळकृष्णबुवांना बोलावलं होतं. बुवा आले, आणि सोबत यज्ञेश्वर मास्तरांनाही घेऊन आले. देवाची पाठ ज्याने दाखवली त्याने देव पाहायला नको का? बुवांना कट्ट्यावरचा म्हातारा दिसला. त्यांनी विचारपूस केली, सगळं ऐकलं, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी हिंदुरावांना बाजूला घेतलं, हात धरले.

हिंदुरावही थकले होते. नव्या पोराची पूजा कोणालाच आवडत नव्हती. ते म्हणाले, "बुवा, म्या काय राकुस न्हाई. पोरीनं समद्यांम्होरं सांगावं, की ती नावासाठी खोटं बोलली, गाभाऱ्यात कदी बसली न्हाई. सोनबा उद्या काकड्याला उभा ऱ्हाऊ दे."

बुवा मुक्ताच्या खोलीवर आले. एवढा मोठा माणूस उंबऱ्यात बसला. तिने पाणी दिलं.

"बाळ," बुवा म्हणाले, "बापाकडे बघवत नाही ग. एक वाक्य बोल आणि मोकळी हो."

"खोटं बोलू, बुवा? देवळात? तुमी सांगताय?"

"त्यात पाप असेल तर ते माझ्या माथी घाल. अगं, 'मी केलं, माझं आहे' हाच तर अहंकार. तो सुटला की देव भेटला."

मुक्ताने त्यांच्यापुढचं भांडं उचललं. मग म्हणाली, "बुवा, तुमी तुमच्या पदात शेवटी तुमचं नाव घालता त्ये?"

बुवा हसले. त्यांना राग आला नाही, ते रागावणाऱ्यातले नव्हते. "ती परंपरा आहे, बाळ," ते प्रेमाने म्हणाले, आणि उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी कीर्तनाला सगळं गाव लोटलं. मध्यंतरात बुक्का लावून झाला, आणि बुवांनी मुक्ताकडे पाहून मान हलवली. ती उभी राहिली. कट्ट्याच्या पायरीवर, देवळाच्या बाहेर, सोनबा बसला होता. त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे नजर वळवली. ती नजर बघितल्यावर मग काही उरलं नाही.

"म्या गाभाऱ्यात कदी बसले न्हाई," मुक्ता म्हणाली. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता. "चित्र बी म्या सुचवलं न्हाई. नाव मिळंल म्हनून खोटं बोलले."

कोणीतरी मागून म्हणालं, "लाज न्हाई!" बायकांत कुजबुज झाली. हिंदुरावांनी हात वर करून ती थांबवली, आणि सावकाश यज्ञेश्वर मास्तरांकडे पाहिलं.

"मंग ह्ये सुचलं कुनाला, मास्तर?"

मास्तरांनी बुवांकडे पाहिलं. बुवांचा चेहरा उजळला. अशा वेळी त्यांना खरंच आतून काही तरी सुचायचं.

"अरे, कोणाला म्हणून काय विचारता?" बुवांनी झांज उचलली आणि गाभाऱ्याकडे बोट केलं. "ज्याची पाठ त्याची कल्पना! त्याने स्वतःच आपली पाठ दाखवली. माणसाची काय बिशाद? तोच कल्पक, तोच कर्ता!"

असा गजर झाला म्हणता, की कौलावरची पाखरं उडाली. सोनबाला लोकांनी हाताला धरून आत नेलं. त्याने देवाच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेना. हिंदुराव ढसाढसा रडले. मास्तरांनीही डोळे पुसले. पुष्कळांनी पुढे सांगितलं, की असं कीर्तन धायरीत पुन्हा झालं नाही, आणि ते खोटं नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला चित्राची नवी छपाई निघाली. हिंदुरावांनीच मागवली, बायकोचा चेहरा असलेला दुसरा कागद त्यांच्यापाशी नव्हता. मास्तरांनी दगडावरचं डावं नाव खरवडून तिथे लिहिलं, 'इन्व. श्रीविठ्ठल'. उजव्या कोपऱ्यात 'डेल. यज्ञेश्वर मेहेंदळे'. चित्रावर माणसाचं म्हणून तेवढं एकच नाव राहिलं. पुण्यातल्या रसिकांनी मास्तरांच्या विनयाचं कौतुक केलं.

मुक्ताला त्यातला एक कागद बुवांनी प्रसाद म्हणून पाठवला. रंग दुसऱ्या कोणी तरी भरले होते, पाठ निळी झाली होती. तिने तो नीट घडी करून ठेवला आणि दुपारी देवळात गेली. देवळात कोणी नव्हतं. सोनबा सहाणेवर गंध उगाळत होता. त्याचा आवाज परत आला होता, अंगावर थोडं मांसही चढलं होतं.

ती गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आबा."

"काय ग?"

"त्या दिशी म्या समद्यांम्होरं बोलले. बोलले त्ये बोलले. पुन्ना कुनाला सांगनार न्हाई. मला कोपऱ्यात नाव बी नको." तिने मागे वळून रिकामं देऊळ पाहिलं. "आता हितं कुनी न्हाई. तुमी तेवडं सांगा. म्या बसत हुते ना मागं?"

सोनबाचा हात सहाणेवर गोल फिरत राहिला.

"न्हाई," तो म्हणाला.

"आबा, दोगंच हावोत आपुन."

"ल्हान पोरं कायबी सपान बगत्यात. तुझी आई गेली, तुला ताप यायचा. तापात बगितलं असशील." त्याचा आवाज मऊ होता, समजूत काढणारा होता. त्याला ते आता खरंच तसं आठवत होतं की काय, कोण सांगणार? "देवाच्या मागं कोन बसवतंय पोरीला? म्या बसवीन व्हय?"

मुक्ताने उंबऱ्याची चौकट धरली.

सोनबा उठला. देवाच्या अंगावर शेला घातला, दोन्ही खांद्यांवरून मागे सोडला, आणि मागच्या अंधारात हात घालून पाठीवर नीट ओढून घेतला. मग उंबऱ्याकडे वळून म्हणाला, "जा आता, लांब व्हय जरा. नैवेद्याची येळ झाली."